वर्गातली सगळी पोरं एका मापात बसवू नका: या चुका टाळा

नवीन वर्ग हातात आला की पंधरा दिवसांत आपण पोरांवर शिक्के मारून मोकळे होतो, हा हुशार, तो ढ, ही घुमी, आणि मग वर्षभर तोच शिक्का खरा करत बसतो. कोल्हापूर जिल्ह्यात तर एकेका वर्गात काय काय असतं बघा, घरात कन्नड बोलणारं पोरगं, इचलकरंजीला यंत्रमागावर आलेल्या बिहारी कामगाराची पोरगी, कारखान्याचा हंगाम लागला की बीडकडनं आलेली ऊसतोड कामगारांची पोरं. शाहू महाराजांनी १९१९ सालीच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकत्र बसवलं. बसवल्यानंतरचं काम मास्तरांचं, आणि घोळ तिथंच होतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे भाषेची अडचण पोराच्या बुद्धीवर ढकलणं. कन्नड घरातलं पोरगं 'घर'चं 'गर' आणि 'खडा'चं 'कडा' लिहितं, आपण लाल पेनानं गोल करत राहतो. पण बोलीतल्या कन्नडमध्ये क-ख, ग-घ हा फरक फारसा पाळलाच जात नाही, मग त्याच्या कानाला तो कुठनं कळणार? वहीतलं पान फाडून त्याची पट्टी तोंडासमोर धरायला लावा आणि आधी 'कडा', मग 'खडा' म्हणायला सांगा. 'ख'ला कागद जोरात हलतो, पोरं हसतात पण फरक बरोबर पकडतात. घ आणि भ नंतर घ्या, तिथं कागद तेवढा हलत नाही, कानच तयार करावा लागतो. वीस वेळा लिहून आण म्हणणं हा उपाय नव्हे, ती शिक्षा झाली.

तसंच आपल्याकडच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. बाहेरनं बदलून आलेले सर-बाई त्यावर भर वर्गात हसतात आणि पोरगी पुढं तोंडच उघडत नाही. घरची बोली आहे ती, चूक कसली. निबंधात 'मी आले' लिहायचं एवढं सांगितलं की काम झालं.

ऊसतोडीच्या पोराला दाखला नाही म्हणून परत पाठवू नका, आरटीई म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. आणि वहीतली वजाबाकी येत नाही म्हणून त्याचं गणित कच्चं असं धरू नका, आधी तोंडी विचारा. पन्नासची नोट दिली, बत्तीसचं सामान घेतलं, परत किती? बऱ्याचदा उत्तर पटकन येतं, अडलेलं असतं ते मांडणीत.

'लक्षच देत नाही' हे तर आपलं आवडतं निदान. पोरगं फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतनं उतरवत असेल तर आधी पुढं बसवून बघा, चष्म्याचा प्रश्न असू शकतो. पाठीमागनं हळू आवाजात हाक मारा, ऐकू येतंय का तेही कळेल. दोन्ही ठीक आहे, तोंडी सगळं येतं पण वाचायला-लिहायला महिनोन् महिने अडतंय, तर डिस्लेक्सिया असं स्वतः ठरवू नका, तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतापण आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, प्रमाणपत्र असलं तर बोर्डाला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पालक दहावीच्या फॉर्मच्या वेळी पळापळ करतात, खरं तर हे बरंच आधी सुरू करायला पाहिजे.

आणि एक चूक, जी चूक वाटतच नाही कुणाला. 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' असं वर्गात ओरडणं, किंवा फॉर्म भरताना जात मोठ्यानं वाचून खात्री करणं. चाळीस पोरांसमोर कोण कुठला हे एका मिनिटात जाहीर होतं, मग डबा खाताना कोण कुणाजवळ बसतंय ते बघा. यादी ऑफिसात असतेच की, मधल्या सुट्टीत एकेकाला नावानं बोलवायचं, सही घ्यायची, सोडायचं.