गावचं रेशन कार्ड मुंबईत चालतं

किमान वेतनावर मुंबईत खोलीचं भाडं भरलं की किराण्याला पैसे पुरत नाहीत. अशा वेळी तांदूळ-गहू विकत आणण्याआधी गावाकडच्या कार्डावर आपलं नाव आहे का ते बघा. कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असेल तर माणशी महिना ५ किलो धान्य मोफत मिळतं, आणि ते देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात उचलता येतं. नाव कमी करून आणायची किंवा नवीन कार्ड काढायची गरज नाही. त्यासाठी एजंटला एक रुपयाही देऊ नका.

१. आधी ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करा. जवळच्या रेशन दुकानात आधार आणि अंगठा देऊन ती फुकट होते.

२. दुकानात कार्डाचा १२ अंकी नंबर किंवा आधार सांगा आणि पॉस मशीनवर अंगठा द्या. सिमेंट, भांडी, धुणं अशा कामांनी बोटांच्या रेषा झिजतात, मग अंगठा जुळत नाही. हात धुऊन कोरडा करा, दुसरं बोट लावा.

३. पावती मागा, किलो ताडून बघा.

महिना संपत आल्यावर जाऊ नका, दुकानातला साठा संपलेला असतो. दुकानदाराने ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणून परत पाठवलं तर १४४४५ या रेशन हेल्पलाइनवर फोन करा.

एक सांभाळा: सगळ्यांचं धान्य इथे उचललंत, तर त्या महिन्यात गावी आईवडिलांना काही मिळणार नाही. दुकानदाराला ‘एवढेच किलो द्या’ असं आधीच स्पष्ट सांगा.