ऑस्कर पाळताय? निदान या चुका टाळा

दुकानात दोन इंचाचं ऑस्कर माशाचं पिल्लू बघितलं की माणूस विरघळतो. दुकानदार लगेच दीड फुटाची टाकी गळ्यात मारतो, वर सांगतो, "टाकीप्रमाणेच वाढतो हो." कसला टाकीप्रमाणे! अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा आहे, वर्षभरात दहा इंचांच्या घरात जातो. एकट्यालासुद्धा चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण अडीचशे लिटर लागतात. काच-स्टँडसकट वजन तीनशे किलोच्या आसपास, तेव्हा टीव्हीच्या शोकेसचा विचार सोडा. "नंतर मोठी घेऊ" म्हणणारे खूप भेटले. घेतलेला अजून भेटायचाय.

आता माझं स्वतःचं पाप. पहिल्या दिवाळीत घराबरोबर टाकीही लख्ख केली. फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र, गोटे ब्रशने घासलेले, पाणी सगळं नवं. वसुबारसेला टाकी आरशासारखी. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाला उठलो, तर ऑस्कर वर येऊन आ वासून धापा टाकतोय, कल्ले लालभडक. त्या मळकट स्पंजमध्येच माशाच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू असतात. ते मी क्लोरीनच्या पाण्याने मोरीत धुऊन टाकले होते. मग सगळी दिवाळी बादल्या वाहण्यात गेली: रोज तिसरा हिस्सा पाणी बदल, क्लोरीन मारायचं अँटीक्लोरीन, खाणं बंद, हवेचे बुडबुडे सोडणारे दोन एअरस्टोन. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पठ्ठ्याने पहिला दाणा खाल्ला.

तेव्हापासून स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा बुचकळतो, बस. तपकिरी राहतो. बायकोला बघवत नाही, पण राहू दे.

नव्या टाकीतही हेच जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. "पाणी चोवीस तास मुरवलं" म्हणजे काहीच केलं नाही. घाई असेल तर मित्राच्या चालू टाकीतला मळका स्पंज मागा. मी बाटलीतल्या औषधांपेक्षा त्यालाच मानतो.

जिवंत गोल्डफिश रोज खाऊ घालून मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना काय सांगावं! त्यातल्या थायमिनेज नावाच्या एन्झाइममुळे बी१ जीवनसत्त्व नष्ट होतं, रोग फुकट मिळतात. चांगले दाणे द्या, कधीतरी कोळंबी. खाटकाकडची चरबी नको.

तोंडात मावेल तो मासा सोबती नव्हे, जेवण.

झाकणावर वजन ठेवा. काचेच्या हीटरला जाळी लावा, धडक मारून फोडतो.

कंटाळा आला म्हणून तलावात सोडू नका. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकी मासा सापडला. तो काही अमेरिकेहून पोहत आला नव्हता.

आणि रात्री अकराला येणारे फोन.

"काका, आडवा पडलाय!"

"अमोनिया बघितलास?"

"शून्य आहे."

"गोटे हलवलेस का?"

"हो, आज सजावट बदलली."

"मग रुसलाय. दिवा बंद कर आणि झोप."