नव्या शहरात मेट्रो-बसने फिरताना या चुका टाळा

कुठली लाइन घ्यायची हे मोबाइल बहुतेक वेळा बरोबर सांगतो. पाहुणे अडकतात ते गेटवर, फलाटावर आणि स्टेशनातून बाहेर पडताना.

आत कार्ड टेकवलं, बाहेर फोन

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. लंडनमध्ये बँकेचं कार्ड थेट गेटवर टेकवून प्रवास करता येतो. पण हातातलं कार्ड आणि तेच फोनमध्ये टाकलेलं कार्ड, ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी कार्डं असतात. आत एक आणि बाहेर दुसरं टेकवलं, की दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागू शकतं. दिवसभराच्या भाड्याला असलेली मर्यादाही एकाच कार्डावर मोजली जाते. तेव्हा सकाळी जे वापरलं, तेच रात्रीपर्यंत वापरा, आणि बरोबरच्या माणसासाठी वेगळं कार्ड ठेवा.

गेट उघडत नसेल तर आधी पाकीट तपासा. अख्खं पाकीट टेकवलं की आतली दोन-तीन कार्डं एकदम वाचली जातात आणि यंत्र गोंधळतं. हवं ते एकच कार्ड बाहेर काढा, खुणेवर सपाट धरा, दिवा लागेपर्यंत हलवू नका. तरीही लाल दिवा आला तर पुन्हा पुन्हा टेकवत बसू नका. बाजूला व्हा आणि रुंद गेटाजवळच्या कर्मचाऱ्याला दाखवा.

बसचे नियम वेगळे. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत आणि कार्ड फक्त चढताना टेकवायचं. सिंगापूरमध्ये मात्र उतरतानाही टेकवावं लागतं, विसरलात तर जास्त भाडं कापलं जातं.

गेट नाही म्हणजे तिकीट नको, असं नव्हे

बर्लिनच्या मेट्रोत गेटच नसतात. कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारायचा असतो. खिशात तिकीट आहे, पण शिक्का नाही, तर तपासनीस तुम्हाला विनातिकीटच धरतो, आणि तो साध्या कपड्यांत असू शकतो. पॅरिसमध्ये तिकीट बाहेर पडेपर्यंत जपा, कारण तपासणी वाटेत कुठेही होते. फोनमधल्या तिकिटाचंही तसंच. बॅटरी संपली की तिकीट गेलं.

दिशा चुकणे

फलाटावरच्या पाट्यांवर बहुधा लाइनीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. आपलं स्टेशन शोधत बसण्यापेक्षा ते नाव पाठ करा. न्यूयॉर्कमध्ये काही ठिकाणी दोन दिशांची प्रवेशद्वारं रस्त्याच्या दोन बाजूंना असतात आणि आतून पलीकडे जाता येत नाही. जिना उतरण्याआधी पाटी वाचली नाही, तर पुन्हा भाडं भरायची पाळी येऊ शकते. तिथल्या एक्स्प्रेस गाड्या मधली स्टेशनं गाळतात, तेही लक्षात ठेवा.

उलट्या गाडीत बसलात तर घाबरून गेटाबाहेर पडू नका. पुढच्या ज्या स्टेशनात आतूनच पलीकडच्या फलाटावर जाता येतं, तिथे उतरा.

नकाशावर अंतर मोजणे

मेट्रोचा नकाशा प्रमाणात काढलेला नसतो. हॅरी बेक या आरेखकाने काढलेला लंडन मेट्रोचा आराखडा 1933 मध्ये छापला गेला, तेव्हापासून जगभर हीच रीत रुळली. त्या नकाशात लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन वेगळी स्टेशनं दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात 300 मीटरही अंतर नाही. एकाच स्टेशनाच्या प्रवासासाठी खाली उतरण्याआधी चालण्याचा वेळ जरूर पाहा.

बाहेर पडताना दाराचा क्रमांक आधीच बघून ठेवा. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून जास्त दारं आहेत, चुकीच्या दाराने निघालात तर पंधरा मिनिटं सहज जातात. जमिनीखालून वर आल्यावर फोनवरचा निळा ठिपका काही क्षण भलतीकडेच असतो. तो स्थिरावेपर्यंत थांबा किंवा रस्त्याच्या नावाची पाटी शोधा.

शेवटच्या गाडीची वेळ पाहताना प्रत्येक टप्प्याची पाहा. पहिली लाइन साडेबाराला मिळेल, पण बदलायची लाइन तोवर बंद झालेली असेल. त्यामुळे शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरा.