साताऱ्यात इतिहासाच्या पीएच.डी.साठी येणाऱ्यांना

नांदेडहून संशोधनासाठी साताऱ्यात येऊन मला अकरा वर्षे झाली. तेव्हा इथले संशोधन केंद्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले होते. आता शहरातच कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे, आणि दरवर्षी येणाऱ्या मुलामुलींना माझ्याच ठेचा लागताना पाहतो, म्हणून हे लिहीत आहे.

खोली गोडोलीत किंवा शाहूपुरीत मिळते. आपल्या मराठवाड्याची मुले मात्र एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि चार वर्षांत गावात कोणाला ओळखत नाहीत. तसे करू नका.

शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये इथे झाला, म्हणून कागदही इथेच असतील, असे नवा माणूस धरून चालतो. परंतु इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीसांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, आणि पेशवे दफ्तरही पुण्यातच आहे. तेव्हा स्वारगेटच्या एसटीचे भाडे पहिल्या महिन्यापासून हिशेबात धरा. मोडी मात्र इथे येण्याआधीच शिकून या.

आता सर्वांत महत्त्वाचे. माझ्या संशोधनातल्या एका जुन्या पत्रावर रबिलावल हा हिजरी महिना आणि ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर सन (मराठी दफ्तरांतली, अरबी शब्दांत लिहिली जाणारी कालगणना) ११६१, असे होते. इसवी सनासाठी सुहूर सनात ६०० मिळवायचे एवढेच मला ठाऊक असल्याने मी १७६१ लिहिले, पत्र पानिपतानंतरचे ठरवले आणि त्यावर एक संपूर्ण प्रकरण रचले. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या सुमारास, सुरू होते. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे असतात. तो रबिलावल ऑक्टोबर १७६० चा होता, म्हणजे पत्र पानिपताच्या आधीचे होते. प्रकरण पुन्हा लिहिण्यात माझे आठ महिने गेले. म्हणून सांगतो, महिना पाहिल्याशिवाय वर्ष लिहू नका, आणि प्रत्येक तारीख जंत्रीवर (जुन्या तारखा इसवी सनाशी जुळवणाऱ्या कोष्टकावर) स्वतः ताडून पाहा, मग ती छापील पुस्तकातली असली तरीही.

घरगुती दफ्तरे अजून इथल्या वाड्यांत आहेत. सातारकर पहिल्या भेटीत चहा देतो, कागद दाखवत नाही. मला तो आडमुठेपणा वाटे. पण एका वाड्यात आजींनी रुमाल, म्हणजे कागदांचे कापडी गाठोडे, सोडण्याआधी हात धुऊन पुसलेले पाहिले आणि माझे मत बदलले. फोटो विचारून काढा, कागद जुन्याच घडीवर मिटा, आणि रुमाल त्यांच्यासमोर बांधून परत द्या.