पोरीच्या सहावीची तयारी: निकाल लागायच्या आधी करून ठेवायची कामं

माझी धाकटी बहीण काटोल तालुक्यातल्या एका गावात राहते. तिची लेक यंदा पाचवीत गेली. परवा तिचा फोन आला, "ताई, नवोदयचा फॉर्म भरायचा म्हणते, सैनिक शाळेचाही भरू का? की सरळ नागपुरात तुझ्याकडेच धाडू तिला?" नवोदय आणि सैनिक शाळा या दोन्ही परीक्षा देऊन सहावीत शिरायच्या, राहून शिकायच्या शाळा. गेल्या वर्षी आमची तन्वी पाचवीत होती तेव्हा मानेवाड्याच्या आमच्या घरात हेच चाललं होतं. फोनवर सांगता सांगता निम्मं राहून गेलं, म्हणून सगळं लिहून काढते आहे. ज्यांच्या घरी पाचवीतली मुलगी आहे त्यांनाही उपयोगी पडेल.

पहिलं काम फॉर्मच्याही आधीचं. कुठल्या शाळेत निवड झाली तर आपण खरंच पाठवणार, हे घरात बसून आधी ठरवून टाका. निकालाच्या दिवशी ते ठरत नाही. यादीत नाव आलं की पेढे येतात, मामा-काकांचे फोन येतात, बाई वर्गात सगळ्यांसमोर नाव घेतात. त्या दिवशी "नको" म्हणायची ताकद कोणातच नसते, पोरीत तर नसतेच. आमच्या ओळखीतली एक मुलगी अशीच कौतुकाच्या भरात वसतिगृहात गेली आणि दिवाळीत परत आली ती कायमची. तोवर इथल्या शाळेतली तिची जागा भरलेली होती. पोरगी हुशार होती, आईवडीलही शहाणे होते, फक्त विचार करायचा राहून गेला होता.

ठरवताना मुलीला समोर बसवा. "तुला जायचंय ना?" असं विचारलं तर ती हो म्हणणारच, आपला चेहरा वाचायला त्या फार लवकर शिकतात. त्यापेक्षा दिवस कसा असेल ते सांगा: पहाटे उठणं, स्वतःची चादर स्वतः घडी करणं, रांगेत जेवण, आईचा फोन रोज नाही. मग गप्प बसा. आमची तन्वी बराच वेळ खिडकीची कडी वरखाली करत बसली आणि मग विचारलं, "आई, तिथे रात्री सगळे लाईट बंद करतात का गं?" त्या एका प्रश्नाने मला जेवढं कळलं तेवढं चार महिन्यांच्या सराव पेपरांनी कळलं नसतं. म्हणून आम्ही उन्हाळ्यात तिला पंधरा दिवस आत्याकडे अमरावतीला एकटीला ठेवलं. हे तुम्हीही करून पाहा. पहिल्या तीन रात्री रडली तर घाबरू नका, दहाव्या दिवशी कशी आहे ते बघा. आमच्या सासूबाई अजून म्हणतात, "लेकराले इतक्या दूर कायले धाडता?" त्यांचं म्हणणंही ऐकून घ्या. सुट्टीत आजारी पडून आलेल्या नातीला त्याच सांभाळणार असतात.

आता नवोदयचं. आपल्या नागपूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला आहे, जिथल्या पेंचच्या धरणाचं पाणी नागपूरकरांच्या नळाला येतं तिथेच. सहावी ते बारावी, सीबीएसई, राहणं-जेवण-पुस्तकं-गणवेश सगळं मोफत. नववीपासून काही मुलांकडून दरमहा विकास निधी घेतात, पण मुलींना तो माफ आहे. सहावीला 80 जागा. त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी आणि एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींसाठी. हे आकडे नीट समजून घ्या, कारण शहर आणि खेडं यांची वाट इथेच वेगळी होते. माझ्या तन्वीसारख्या नागपूर शहरातल्या मुलीला उरलेल्या 20 जागांसाठी चुरस करावी लागते, आणि त्या जागांवर ग्रामीण मुलंही येऊ शकतात. माझ्या भाचीची बाजू त्या मानाने भक्कम. पण अट अशी की तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असलं तरी ती शहरी धरली जाते. म्हणून बहिणीला मी फोनवरच बजावलं: नागपुरात धाडायची घाई आत्ता करू नकोस, पाचवी गावातच होऊ दे. शिवाय मुलगी ज्या जिल्ह्यात पाचवीला आहे आणि जिथली रहिवासी आहे त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो, आणि सहावीची ही परीक्षा एकदाच देता येते. यंदा सहज बसवून बघू आणि पुढच्या वर्षी नीट तयारी करू, असं इथे चालत नाही.

नवोदयबद्दल आणखी एक गोष्ट, जी फॉर्म भरताना कोणी सांगत नाही. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, तिथली मुलं इकडे येतात. मुलगी चौदा वर्षांची असताना एक वर्ष परराज्यात राहू शकते, हे आजच मनात घ्या. मला स्वतःला ही कल्पना फार चांगली वाटते. पण ज्या घराला ती झेपणार नाही त्यांनी ते आत्ताच ओळखावं. शिकवण्याची भाषाही विचारून घ्या. सुरुवातीची एक-दोन वर्षं मातृभाषेचा आधार असतो, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि समाजशास्त्र हिंदीत जातं.

सैनिक शाळा आपल्याला दोन ठाऊक: साताऱ्याची 1961 सालची, आणि चंद्रपूरजवळची 2019 ची. सगळ्या सैनिक शाळांत मुलींना सहावीत प्रवेश मिळायला लागला तो 2021-22 पासून. मुलींसाठी किमान दहा जागा किंवा 10 टक्के, यांत जे जास्त असेल ते. म्हणजे जागा मोजक्याच. सहावीचा पेपर मराठीतून देता येतो, पण शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, त्यामुळे पहिलं वर्ष जड जातं, हे गृहीत धरा. परीक्षेनंतर वैद्यकीय तपासणी असते. मुलीचे डोळे, कान, दात आधीच आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर धक्का बसणार नाही. आणि ही शाळा मोफत नाही. फीचा तक्ता शाळेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, शिष्यवृत्ती मिळेल या भरवशावर हिशेब मांडू नका. खाजगी संस्थांच्या भागीदारीत चालणाऱ्या नव्या सैनिक शाळांचं तर प्रत्येकीचं गणित वेगळं असतं.

शाळा पाहिल्याशिवाय नाव नोंदवू नका. जाताना मुलीला घेऊन जा आणि दिवाणखान्यासारख्या सजवलेल्या ऑफिसात बसून परत येऊ नका. मी प्रत्येक ठिकाणी मुलींचं स्वच्छतागृह पाहायला मागितलं. दाराला आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, पाळी आल्यावर मुलीने कोणाकडे जायचं. वसतिगृहात मेट्रन रात्री कुठे झोपतात, तापाच्या मुलीला कुठे ठेवतात, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, पालकांना भेटायला कुठल्या दिवशी येऊ देतात. हे विचारायला लाजू नका. एका शाळेत मला उत्तर आलं, "ताई, असं कोणी विचारत नाही." मी म्हटलं, मी विचारतेय. बोर्डाच्या निकालाचे फलक दाखवणाऱ्या शाळा पुष्कळ, पण कडी नसलेल्या दारामुळे दिवसभर पाणी न पिणारी पोरगी कुठल्याच फलकावर दिसत नाही.

नागपुरातच ठेवायचं ठरलं तर काम संपत नाही, उलट वाढतं. इथल्या कितीतरी अनुदानित मराठी शाळांत सेमी-इंग्रजी आहे, सीबीएसईच्या शाळा आहेत, सीताबर्डीला मुलींच्या जुन्या शाळा आहेत. "आमच्याकडे निवडूनच घेतात" असं काही ठिकाणी अभिमानाने सांगतात. तेव्हा शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 लक्षात ठेवा: आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, देणगी मागता येत नाही. चाचणी घेतली तर पहिल्या वेळी 25,000 आणि पुढे दरवेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. नवोदय, सैनिक शाळा यांना या चाचणीच्या नियमातून सूट आहे, आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदाच लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलंय. बाकीच्यांना नियम लागू. एका शाळेने नुसतं बोलायचंय म्हणून तन्वीला आत नेलं आणि चाळीस मिनिटं अपूर्णांक सोडवून घेतले. पोर बाहेर आली तेव्हा तिचा हात थंडगार पडला होता. त्या शाळेत आम्ही परत गेलो नाही.

शहरात शाळा निवडताना नकाशावरचं अंतर पाहू नका, दाराशी उभे राहून वेळ मोजा. एप्रिलमधल्या दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, मुलगी जशी येणार तसा तो रस्ता एकदा करून बघा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात खऱ्या, पण मार्च-एप्रिलची दुपार चुकत नाही. व्हॅनमध्ये किती मुलं कोंबतात, आपली मुलगी शेवटी उतरणाऱ्यांत आहे का, मेट्रोचं स्टेशन शाळेपासून चालण्यासारखं आहे का, हे व्हॅनवाल्या काकांना आणि गेटवर उभ्या असलेल्या दुसऱ्या आयांना विचारा. गेटवरच्या आया सगळ्यात खरं बोलतात. खेड्यातून तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मिळतो. बहिणीकडे हाही पर्याय आहे, आणि मला तो मुळीच कमी वाटत नाही. मुलगी अनुदानित शाळेतच राहिली तर आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. नवोदय किंवा सैनिक शाळेतल्या मुलांना ही शिष्यवृत्ती नाही.

कागदपत्रांचं काम आजच सुरू करा. तन्वीच्या आधारवर नावाच्या शेवटी 'आय' होतं आणि शाळेच्या दाखल-खारीजमध्ये, म्हणजे मुलांची नावं चढवायच्या नोंदवहीत, 'डबल ई'. ते दुरुस्त करायला आमचे पाच आठवडे गेले, आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी फॉर्म गेला. म्हणून आधी तीन कागद शेजारी ठेवा: जन्मदाखला, आधार, दाखल-खारीजचा उतारा. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. मग रहिवासी दाखला, जातीचा दाखला. ओबीसी असाल तर नवोदयसाठी केंद्राच्या यादीतली जात लागते, राज्याच्या यादीतली पुरत नाही, दाखल्यासाठी सेतू केंद्रात अर्ज करताना हे स्पष्ट सांगा. मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र सुट्ट्या लागायच्या आत घ्या. फॉर्ममध्ये द्यायचा मोबाइल नंबर असा द्या जो वर्षभर बंद पडणार नाही.

अभ्यासाबद्दल मी थोडंच सांगते, कारण क्लासवाले ते पुष्कळ सांगतात. नवोदयचा पेपर दोन तासांचा, 80 प्रश्न, 100 गुण. त्यात बुद्धिमत्तेचे 40 प्रश्न 50 गुणांना, गणिताचे आणि भाषेचे 20-20 प्रश्न 25-25 गुणांना. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेतला एकही गोल रिकामा ठेवू नये. सैनिक शाळेत सहावीला 300 पैकी 150 गुण एकट्या गणिताला आहेत. मुलीचा ओढा कुठे आहे ते यावरूनच कळतं: आकृत्यांत रमणारी आणि भराभर आकडेमोड करणारी या वेगळ्या मुली असतात. घरी एक गोष्ट मात्र रोज करून घ्या, ती म्हणजे उत्तरपत्रिकेचे गोल भरणं. पेनने भरलेला गोल खोडता येत नाही. तन्वी सुरुवातीला एक प्रश्न सोडायची आणि पुढचे सगळे गोल एक घर वर सरकायचे. मग आम्ही तिला दर पाच प्रश्नांनी डाव्या हाताचं बोट प्रश्नाच्या नंबरवर आणि पेनाचं टोक गोलाच्या नंबरवर ठेवून दोन्ही मोठ्याने वाचायला लावलं. आठवड्याभरात सवय लागली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्र बघून या. पिशवीत प्रवेशपत्राच्या दोन प्रती, दोन चालू पेनं, पाण्याची बाटली, स्वेटर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आपल्याकडे थंडी असते आणि गार पडलेल्या बोटांनी गोल नीट भरले जात नाहीत.

निकालानंतर शाळा सोडल्याचा दाखला लगेच काढू नका. नाव यादीत असलं तरी कागद तपासून प्रवेश पक्का होईपर्यंत मुलगी आपल्या शाळेच्या पटावर राहू द्या. प्रतीक्षा यादीत असेल तर इथल्या सहावीत जाऊ द्या, पुस्तकांना कव्हरं घाला. बोलावणं आलं तर तेव्हा पाहता येतं. तन्वीचं नाव नवोदयच्या यादीत आलं नाही. त्या संध्याकाळी ती गच्चीवर सायकल पुसत बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "आई, नववीला पण असते ना परीक्षा?" असते. नवोदयला नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते, सैनिक शाळेतही नववीला प्रवेश आहे. मी तिला एवढंच सांगितलं आणि दुसरं फडकं घेऊन मागच्या चाकाशी बसले.