सॅकने खांदे भरून येत होते, ते असं थांबलं

लक्षण: तीन दिवसांच्या ट्रेकला सॅकमध्ये १२ किलो भरले की दोन तासांत खांदे भरून यायचे, बोटांना मुंग्या यायच्या. पट्ट्यांना फोम लावला, सामान कमी केलं, ६० लिटरची सोडून ७० लिटरची सॅक घेतली. फरक शून्य. दोन मोसम वाया गेले, फार जीव जळला.

चूक लिटरमध्ये नव्हती, पाठीच्या मापात होती. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी एक हाड वर येतं. तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत, पाठीच्या बाकावरून, शिंप्याच्या टेपने बायकोकडून मोजून घेतलं: ४४ सेंमी. सॅकचं पाठीचं माप (खांद्यांच्या पट्ट्यांपासून कंबरपट्ट्यापर्यंतचं, ते कमीजास्त करता येतं) ५० ला लावलेलं होतं, त्यामुळे कंबरपट्टा पोटाच्याही खाली घसरायचा आणि सगळा भार खांद्यांवर यायचा. (उंचीवरून माप ठरवू नका, पाठ वेगळी असते.)

सॅकचं माप ४४ ला आणलं. मग १२ किलो ज्वारी भरून, सगळे पट्टे ढिले करून सॅक चढवली. आधी कंबरपट्टा, त्याचा मध्य बरोबर कमरेच्या हाडावर, घट्ट. मग खांद्यांचे पट्टे, फक्त टेकतील इतके. मग खांद्यावरचे, सॅकच्या वरच्या भागाला जोडणारे छोटे पट्टे, साधारण ४५ अंशात, हलके. छातीचा पट्टा शेवटी.

सिद्धेश्वर तलावाभोवती रोज पहाटे आठवडाभर तशीच चाललो. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं.

नवी घेताना दुकानात वजन भरूनच घालून बघा.