दाढ ठणकतेय आणि खिसा हलका आहे?

विमा नाही म्हणून लवंग दाबून दिवस काढू नका. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाच्या परिसरातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, आधार कार्ड आणि आधीचा एक्स-रे असेल तर सोबत ठेवा. उपचार शिकाऊ डॉक्टर करतात हे खरं, पण पावलोपावली सर तपासतात, त्यामुळे घाई नसते. वेळ मात्र जातो. रूट कॅनॉलला तीन-चार चकरा धरूनच चला. जालन्या-बीडहून येणाऱ्यानं एसटीचं भाडंही हिशोबात घ्यावं. लातूर, नांदेडकडच्यांना तिथली खासगी दंत महाविद्यालयं जवळ पडतात, तिथंही दर बहुधा दवाखान्यापेक्षा कमी असतात.

नुसती दाढ काढायची असेल तर आधी जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतविभाग कधी चालू असतो ते विचारा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. कवळी, कॅप यांचा खर्च मात्र आधीच विचारून घ्या.

गाल सुजून ताप आला किंवा तोंड उघडेना, तर पैशांचा विचार न करता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हो, दुखऱ्या दाढेत तंबाखू धरू नका, आजोबा काहीही म्हणोत.